परत आले म्हणजे कोठे आले?



परदेशी संग्रहालयांतील जुन्या वस्तू मूळ ठिकाणी परत द्याव्यात की नाहीत, असा प्रश्न निघाला की आपले उत्तर तयार असते. आपले ते आपल्याला द्यावे, यात विचार करण्यासारखे काय आहे? परंतु ‘परत’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. आज तो जरा पारखून पाहू.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यास आली, ती तीन वर्षांच्या मुदतीने, उसनी. अफजलखानाच्या वधाच्या वेळची ती हीच, याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच सांगितले होते. पुढच्याच वर्षी नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, आणि महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. एक वस्तू उसनी आली, दुसरी विकत आली. आनंद दोन्हींचा झाला, आणि तो व्हावाच; पण यांपैकी एकीलाही ‘परत मिळाली’ म्हणता येणार नाही.

यावर तिकडचे लोक म्हणतात, कायदा आड येतो. १९८३च्या कायद्याने त्या संग्रहालयाच्या विश्वस्तांचे हात बांधले आहेत, हे खरेच आहे. पण त्याच संग्रहालयाची एक जुनी गोष्ट आहे. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेझी यांनी सांचीच्या परिसरातील स्तूप उकरले. त्यांत सापडलेले सारिपुत्त आणि मोग्गल्लान या बुद्धशिष्यांचे अवशेष पुढे लंडनला गेले. बौद्धांनी ते मागितले आणि १९४७ मध्ये संग्रहालयाने ते सोडले. त्या काळी संग्रहालय सरकारच्या शिक्षणखात्याखाली होते. सरकारने ठरवले आणि दिले. सिंहलद्वीपाच्या मार्गाने ते भारतात आले, आणि १९५२ मध्ये सांचीला नव्या विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. दर वर्षी नोव्हेंबरअखेर ते दर्शनासाठी बाहेर काढतात. याला परत येणे म्हणतात! वस्तू देशात आली, स्थानी आली आणि माणसांच्या श्रद्धेतही आली. कायदे माणसेच करतात. मन झाले तर ती ते बदलूही शकतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘आम्ही नेले म्हणून वाचले’, असे ते म्हणतात. हे नेहमीच खोटे नसते. याच कनिंगहॅमने १८७३ मध्ये सतन्याजवळ भारहुतचा स्तूप पाहिला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याचे दगड घरे बांधायला नेलेले होते. उरलेले कठडे त्याने कलकत्त्याच्या संग्रहालयात हलवले. ते आजही तेथेच आहेत. उद्या भारहुतच्या लोकांनी ‘आमचे आम्हांला द्या’ म्हटले, तर आपण काय सांगू? तेथे सुरक्षितता नाही, अभ्यासकांना दूर पडेल, येथे चार लोक पाहतात! श्रोतेहो, ही उत्तरे आपल्या ओळखीची आहेत. लंडन आपल्याला हीच देते.

मग न्याय कोणता? आम्हांला असे वाटते की, वस्तू गेली कशी, हे आधी पाहावे. लुटून वा चोरून नेलेली वस्तू सांभाळली म्हणून सांभाळणाऱ्याची होत नाही. ठेव जपली म्हणून सावकार तिचा मालक होतो काय? ती बिनशर्त परत द्यावी. मात्र ती हाती पडली की आपली जबाबदारी संपत नाही, तेथे ती सुरू होते.

तमिळनाडूतील श्रीपुरंदान गावाच्या देवळातून चोळकालीन नटराज चोरीस गेला. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने तो ५० लाख डॉलरांहून अधिक देऊन विकत घेतला, आणि २०१४ मध्ये त्या देशाच्या पंतप्रधानांनी तो भारताच्या स्वाधीन केला. हे घडले कशामुळे? पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने फार पूर्वी त्या मूर्तीचे छायाचित्र घेऊन ठेवले होते. त्या छायाचित्राने चोराचे कागद खोटे पाडले. पण परत आलेला देव देवळात गेला नाही. त्याला कुंभकोणमच्या मूर्तिसंरक्षण केंद्रात कुलपात ठेवावे लागले, कारण देवळाची राखण कोण करणार? कॅनबेऱ्याहून कुंभकोणमपर्यंतचा प्रवास झाला. शेवटचे काही कोस मात्र राहून गेले.

ते कोस तोडणे परक्यांच्या हाती नाही, आपल्या हाती आहे. आपल्या गावच्या देवळात, वेशीवर, गढीत कोणत्या मूर्ती, कोणते वीरगळ, कोणते शिलालेख आहेत, याची छायाचित्रांसह यादी आपल्यापैकी किती गावांत आहे? वस्तू गेल्यावर मोर्चा काढणे सोपे. ती असताना तिची नोंद करणे कंटाळवाणे. पण मागण्याचा अधिकार त्या कंटाळवाण्या कामातूनच बळकट होतो. लंडनला आपण जरूर विचारावे. त्याबरोबर आपल्या वेशीवरच्या वीरगळाला शेंदूर फासून त्याची अक्षरे बुजवणाऱ्या हातालाही एकदा विचारावे.