तेल लावा, पण कुठं थांबायचं तेही ओळखा

बचत गटाच्या बैठकीत हिशेब संपला की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, केस गळतात, घरी कोणतं तेल करावं?" आज तेच सांगते. वही-पेन घेऊन बसा.

पाव लिटर खोबरेल किंवा तिळाचं तेल घ्या. दोन मुठी माक्याचा पाला, मूठभर कढीपत्ता आणि जास्वंदाची पाच-सहा फुलं धुऊन सावलीत चांगली सुकवा. जाड बुडाच्या भांड्यात तेल ठेवून हे सगळं घाला आणि अगदी मंद आचेवर तापवा. पाला कुरकुरीत झाला आणि तडतड थांबली, की पाणी उडालं असं समजा. पाण्याचा अंश राहिला तर तेल खवट होतं. थंड झाल्यावर गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. आठवड्यातून दोनदा, न्हाण्याआधी तासभर लावलं तरी पुरे. धुवायला रात्री भिजवलेली शिकेकाई-रिठा चालेल, फक्त पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आता बाजारात मिळणाऱ्या त्या छोट्या बाटल्यांबद्दल. रोझमेरी, टी ट्री, गवती चहाचं तेल. ही तेलं म्हणजे वनस्पतीचा फार तीव्र अर्क. मी स्वतः एकदा टी ट्रीचं तेल तसंच डोक्याला चोळलं. दोन दिवस टाळूची आग आग झाली आणि नंतर कातडीचे पापुद्रे निघाले. म्हणून मापानंच वापरा: चहाच्या एका चमच्यात मावेल एवढ्या खोबरेलात फक्त 2 थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. लाल झालं, खाज सुटली, तर ते तेल तुमच्यासाठी नाही. गरोदर बायांनी आणि लहान लेकरांना ही तेलं लावू नयेत. कापूर घातलेलं खोबरेलही लेकरांना नको. कापूर कातडीतून अंगात भिनतो, आणि पोटात गेला तर लेकराला झटके येऊ शकतात.

पण मैत्रिणींनो, तेल कुठवर पुरतं? डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यात काय झालं ते आठवा. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत आधी डोक्याला खाज आणि मग तीन-चार दिवसांत केस मुठीनं हातात. बाया, बाप्ये, लेकरं, कोणी सुटलं नाही. काही पोरींनी डोकं झाकून घेतलं, काहींनी मुंडणच केलं. बाहेरगावचे लोक भीतीनं लांब राहू लागले. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला, कोणी बुरशीला.

मग तपासणीसाठी पथकं आली. पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही रुग्णांचे नमुने तपासून घेतले. रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम नावाचं द्रव्य फार वाढलेलं त्यांना आढळलं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी चिमूटभराहून कमी. जास्त झालं की केस आणि नखं दोन्ही गळतात. पुढं बऱ्याच जणांचे केस परत उगवू लागले.

आता सांगा, पोटातून आलेल्या दुखण्याला वरून लावलेलं तेल काय करणार? तेल केसाला मऊ ठेवतं, तुटू देत नाही. पण केसाचं मूळ कातडीच्या आत असतं आणि त्याला रक्त पोसतं. रक्त कमी असेल, जेवणात डाळ-उसळ नसेल, तर बाटल्यावर बाटल्या रिकाम्या करून उपयोग नाही.

दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं साधं आहे. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी जास्त गळतात, ते सहसा आपोआप परत येतात. पण थोड्या दिवसांत मुठीनं केस गेले, नाण्याएवढं टक्कल पडलं, टाळूला पू झाला, नखं गळू लागली, तर तेल बाजूला ठेवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आणि एकाच घरात, एकाच गल्लीत दोघा-तिघांना असं झालं, तर लाजून लपवू नका. लगेच आशाताईला सांगा. गटानं मिळून पाणी आणि धान्य तपासण्याची मागणी करा. एकटीचं ऐकायला वेळ लागतो, पंधरा जणी गेल्या की ऐकावंच लागतं.

येत्या बैठकीत तेल जरूर करा. आणि तेल लावताना एकमेकींची टाळूही नीट बघा.