वर्ध्याचा नीलपंख
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगीं बोरगांव मेघे येथें केलेलें भाषण)



आपल्या वर्धा नगरीनें २०१८ सालीं एक अपूर्व निवडणूक पाहिली. बहार नेचर फाउंडेशनच्या पुढाकारानें पक्षी उमेदवार म्हणून उभे राहिले, नागरिकांनीं व शाळकरी मुलांनीं मतें टाकलीं, आणि नीलपंख हा 'शहरपक्षी' ठरला. कित्येकांस ही थट्टा वाटली. मला मात्र ती युक्ति मोठी मार्मिक वाटते. कारण ज्यास मत द्यावयाचें, त्यास निदान ओळखावें तरी लागतें!

हा पक्षी तारेवर वा निष्पर्ण फांदीवर बसून जमिनीवरील टोळ, नाकतोडे, भुंगेरे टिपतो. म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदारच. परंतु या राखणदाराची अवस्था काय? भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयीं २०२३ सालीं जो अहवाल निघाला, त्याप्रमाणें बारा वर्षांत त्याची संख्या सुमारें ३० टक्क्यांनीं घटली. दसऱ्यास त्याचें दर्शन शुभ मानितात, आणि तेवढ्यासाठीं कित्येक ठिकाणीं त्यास पकडून दारोदार फिरवितात. शुभ कोणाचें, हें त्या पक्ष्यास विचारावें! १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें असें पकडणें निषिद्ध आहे.

तो अंडीं घालतो झाडाच्या ढोलींत, तींही ऐन उन्हाळ्यांत. आपण तर वठलेलें झाड दिसतांच कुऱ्हाड मागवितों. शेतांचे भूखंड पडूं लागले कीं बांधावरचीं जुनीं झाडें पहिल्यानें जातात. म्हणून माझी विनंति एवढीच, कीं आपापल्या शेतांतील व आवारांतील ढोलीचीं झाडें मुलांकडून मोजवून घ्यावीं, आणि घरावर वा रस्त्यावर पडण्याचें भय नसेल तर तीं तशींच उभीं राहूं द्यावीं.