साहेब कामात आहेत

तहसील कचेरीच्या बाकावर आणि बँकेच्या रांगेत आपले किती दिवस गेले, याचा हिशेब आपल्या कुठल्याच रजिस्टरात नाही. आज त्या बाकावरचीच एक गोष्ट सांगणार आहोत. ती युरोपातली आहे, आणि गाऊन सांगितलेली आहे.

तिचं नाव ‘द कॉन्सल’. हा इंग्रजी ऑपेरा आहे. आपल्या संगीत नाटकात थोडं बोलणं असतं, मधूनमधून पदं असतात. ऑपेरात बहुतेक सगळं गाऊनच सांगतात, अगदी ‘फॉर्म भरा’ हेसुद्धा! इटलीत जन्मलेले आणि तरुणपणी अमेरिकेत गेलेले जान कार्लो मेनोत्ती यांनी याचे शब्द लिहिले आणि संगीतही दिलं. १९५० च्या मार्चमध्ये फिलाडेल्फिया शहरात पहिला प्रयोग झाला, मग न्यूयॉर्कमध्ये २६९ प्रयोग झाले. त्याच वर्षी संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. तेव्हा दुसरं महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती. लाखो माणसं घरदार सोडून कागदांसाठी वणवण करत होती, त्यामुळे बघणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटली नसणार.

मॅग्डाचा नवरा जॉन सरकारविरुद्ध काम करतो. गुप्त पोलीस मागे लागतात आणि तो जखमी होऊन सरहद्दीकडे पळतो. घरात तान्हं मूल आणि म्हातारी सासू. देश सोडायचा तर व्हिसा हवा आणि तो परक्या देशाच्या कचेरीतून मिळणार. तिथला मोठा अधिकारी म्हणजे कॉन्सल.

मॅग्डा रोज कचेरीत जाते. टेबलाशी सेक्रेटरी बसलेली. मॅग्डा जीव तोडून सांगते, की नवऱ्याच्या जिवावर बेतलंय. उत्तरात तिला फॉर्म मिळतो. साहेबांना भेटू द्या म्हटलं, तर साहेब कामात असतात.

बाकावर आणखी माणसं आहेत. कोफनर नावाचे गृहस्थ दर वेळी कागद घेऊन येतात आणि दर वेळी काही तरी कमी निघतं. कधी फोटोचं माप चुकतं! (हे ऐकून आमच्या गटातल्या बाया इतक्या हसल्या, की पुढचं सांगायला थांबावं लागलं.) एका इटालियन म्हातारीला तिथली भाषाच येत नाही. तिची लेक परदेशात आजारी आहे, नातवंड तीन महिन्यांचं. कोफनर स्वतःची रांग सोडून तिच्यासाठी दुभाषा होतात.

इकडे मॅग्डाचं बाळ दगावतं. मग ती कचेरीत उभी राहून मोठ्यानं गाते. माणसाला कागदाशिवाय किंमत नाही का, असा त्या गाण्याचा रोख आहे. अख्ख्या ऑपेरात सगळ्यात गाजलेलं गाणं हेच. सेक्रेटरी हलते, आत जाऊन विचारते. एक बडे पाहुणे गेले की भेट मिळेल, असं कळतं. दार उघडतं आणि पाहुणे बाहेर येतात. तोच तो गुप्त पोलिसांचा माणूस! मॅग्डा तिथंच कोसळते.

पुढे सासूही जाते. बायकोसाठी परतलेला जॉन त्याच कचेरीत पकडला जातो. सेक्रेटरी घाईनं मॅग्डाला फोन लावते, पण घरी मॅग्डानं जीव द्यायची तयारी केलेली असते. फोन वाजत राहतो आणि पडदा पडतो. कॉन्सल शेवटपर्यंत रंगमंचावर येतच नाही.

शेवट आम्हाला रुचला नाही, हे सरळ सांगतो. बाकावरची सगळी माणसं मॅग्डाला ओळखत होती, तिचं मूल गेल्यावरही ती एकटीच घरी परतली. आपल्या गटातल्या बायांनी तिला असं जाऊ दिलं नसतं. दोघी तरी रात्री मुक्कामाला गेल्या असत्या.

सेक्रेटरीबद्दल मात्र आमचं एकमत झालं नाही. काहीजणी म्हणाल्या, दगड आहे ती. काहीजणी म्हणाल्या, वरून हुकूम आल्यावर ती तरी काय करणार? पात्रांच्या यादीत तिला नावही नाही, नुसती ‘सेक्रेटरी’. आम्हाला वाटतं, ती वाईट नाही, तिला उशिरा जाग आली. आणि टेबलाच्या त्या बाजूला आपणही बसतोच की! गटाचं रजिस्टर, शिक्का, कर्जाचे अर्ज आपल्याच हाती असतात. पासबुक न घेता आलेल्या बाईला ‘उद्या या’ म्हणताना, ती किती कोस चालत आली, एवढं तरी आधी विचारायला हवं.