मागच्या रांगेतली कोळीण

आजचा भाग छोटा आहे आणि त्यात कोडिंगचं काहीही नाही. मागच्या शनिवारी माझ्या भाचीच्या प्लेग्रुपचं गॅदरिंग होतं, त्याबद्दल बोलायचंय. तिचं नाव सांगणार नाही, ताईची सक्त ताकीद आहे. वय साडेतीन, एवढं पुरे.

चिंचवडमधलं एक मंगल कार्यालय. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं स्टेजवर तशीच लटकत होती. पत्रिकेत वेळ चारची. मग पाहुणे, दीपप्रज्वलन, वार्षिक अहवाल. (तीन वर्षांच्या मुलांचा वार्षिक अहवाल! असो.) पहिला नाच सुरू व्हायला पावणेसहा वाजले. तोवर विंगेत निम्मी मुलं पेंगली होती, आणि एका गाजराला शू लागली होती. गाजर मागून सेफ्टी पिना लावून बंद केलेलं. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

आता मुद्दा. महिन्यापूर्वी शाळेने ताईला बोलावून सांगितलं होतं, "ती मुलांत मिसळत नाही, बोलत नाही, नुसती बघत बसते." त्या रात्री दोन वाजता ताईने मला सात लिंका पाठवल्या. एकाहून एक भयंकर. दाजी मस्कतला असतात, त्यामुळे ही काळजी ती एकटीच वागवत होती. तेव्हा हा नाच बाकीच्यांसाठी गंमत होती, ताईसाठी परीक्षा. माझ्याकडे काम एकच, दाजींसाठी व्हिडिओ काढणं.

कोळीगीत लागलं. बारा मुलं. ड्रेपरीवाल्याकडून आणलेल्या शिवलेल्या नऊवारी, लाल टोप्या, टोपलीत पुठ्ठ्याचे मासे. स्टेजसमोर खाली बाई उकिडव्या बसलेल्या, त्या हात करणार आणि मुलं अर्ध्या सेकंदाने तसाच करणार. आमच्या भाषेत शुद्ध लॅग. एक कोळी मध्येच खाली बसून मासे मोजायला लागला. दोन कोळणींची टोपलीवरून जुंपली. लोक हसतायत, टाळ्या वाजवतायत. आणि मागच्या रांगेत आमची बाई टोपली धरून उभी. अख्खं गाणं. एक पाऊलसुद्धा नाही. ताईने माझा दंड धरला होता, तो गाणं संपेपर्यंत दुखायला लागला.

आई शेजारीच होती. ती म्हणाली, "अगं, ती नाचत नाही हे नको बघूस. ती कुठे बघतेय ते बघ."

आई फलटण तालुक्यात वीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. सरकारची अंगणवाडी योजना 1975 ची, 2 ऑक्टोबरला सुरू झालेली. पण त्या शब्दामागची गोष्ट जुनी आहे आणि आई ती कुणालाही ऐकवते. ताराबाई मोडक 1945 मध्ये डहाणूजवळ बोर्डीला गेल्या. तिथे आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आई म्हणते, काही मुलं वर्षभर तोंड उघडायची नाहीत, आणि मे महिन्यात आजोळी जाऊन सगळी गाणी म्हणून दाखवायची. त्यांच्या आया जूनमध्ये येऊन सांगायच्या.

मला हे तेव्हा पटलं नाही. समजूत काढतेय असंच वाटलं. आणि हो, कुणाच्या घरी अशी शंका असेल तर डॉक्टरांना दाखवाच. ताईनेही बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, ती आम्ही रद्द केलेली नाही.

रात्री दहाला दाजींना व्हिडिओ कॉल लावला. मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, दाजी नुकतेच कामावरून आलेले. फोन ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. दाजींनी विचारलं, "काय गं, नाचलीस का?" ताई काही बोलणार, तेवढ्यात भाची फोनसमोर उकिडवी बसली. आणि सुरू! वल्ही मारली, जाळं टाकलं. मग एका अदृश्य मुलाला डोळे वटारले, दुसऱ्याला बोटाने "मागे हो" केलं. दोन बोटांनी स्वतःचे ओठ ताणून दाखवले, म्हणजे हसा, हसा! मध्येच मासे मोजले. टोपलीवरून भांडली, दोन्ही बाजूंनी. पूर्ण गाणं, शब्दासकट, बाईंच्या आवाजात.

ती कोळीण झालीच नव्हती. ती बाई झाली होती.

दाजींचं चित्र मध्येच अडकलं, नेटवर्क गेलं असं वाटलं. पण नेटवर्क ठीक होतं. ते नुसते बघत होते. ताई गॅसकडे तोंड करून दूध तापवत राहिली, जे आधीच तापलेलं होतं.

मी हे रेकॉर्ड केलं नाही. फोनवर कॉलच चालू होता ना.

सोमवारी ड्रेपरी परत द्यायला मी गेलो. टोपलीत एक मासा कमी, पन्नास रुपये कापले. मासा तिच्या उशीखाली आहे, मागायची कुणाची हिंमत नाही.

चला, भेटू पुढच्या भागात.