'तुमचावालाच चांगला हाय': फोनसमोरच्या माणसाला मोजायचं कसं?

(आमच्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोदलकसा इथल्या विद्यार्थी शिबिरात झालेलं हे बोलणं आहे. वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आवरलंय, बाकी बोलीतलं तसंच ठेवलंय.)

मागे आवाज येतोय ना? बरं.

तलाव बघून झाला, पक्षी बघून झाले, आता कामाचं बोलू. उद्या सकाळी तुम्ही जवळच्या गावात जाणार आहात. काम दिसायला छोटं आहे. लोकांच्या हातात फोन द्यायचा आणि दोन कीबोर्डवर मराठी लिहायला सांगायचं. एक स्वरचक्र, म्हणजे आयआयटी मुंबईच्या आयडीसीत तयार झालेला, २०१३ मध्ये आलेला कीबोर्ड. त्यात 'क' वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं, आणि बोट त्या दिशेला सरकवलं की अक्षर उमटतं. दुसरा तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर असतो तो, इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मराठी करून देणारा. कोणता कीबोर्ड लोकांना जास्त सोपा जातो, एवढंच शोधायचंय.

माणूस आणि यंत्र यांच्यातल्या व्यवहाराचा अभ्यास शिकवताना कॉलेजात साधारण काय होतं? पहिल्या तासाला टी-टेस्ट, दुसऱ्या तासाला अनोव्हा, तिसऱ्या तासाला सॉफ्टवेअरमध्ये कुठलं बटण दाबायचं ते. मुलं बटण दाबतात, आकडा येतो, आकडा ०.०५ पेक्षा कमी आला की टाळ्या. मी उलट्या टोकाने शिकवतो. टेस्ट सगळ्यात शेवटी, कारण तिथपर्यंत पोचेस्तोवर बहुतेक चुका आधीच होऊन गेलेल्या असतात.

पहिली चूक तर दारातच होते. तुम्ही जाल, काकाजींना नमस्कार कराल, ते खाट ओढून देतील, पाणी देतील. मग तुम्ही फोन दाखवाल आणि विचाराल, "काकाजी, कोणता बरा वाटला?" काकाजी तुमच्याकडे बघतील. शहरातून आलेलं पोरगं, गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. आणि म्हणतील, "तुमचावालाच चांगला हाय."

हसताय, पण हे मोजलं गेलंय. २०१२ मध्ये निकोला डेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूत ४५० मुलाखती घेऊन एक अभ्यास छापला. त्याच्या नावातच लोकांचं उत्तर आहे: 'तुमचंच चांगलं'. लोकांना दोन गोष्टी दाखवल्या आणि त्यातली एक मुलाखत घेणाऱ्याने बनवली आहे असं भासवलं. दोन्ही अगदी एकसारख्या असतानाही, मुलाखत घेणाऱ्याची म्हणून सांगितलेली गोष्ट पसंत करण्याची शक्यता सुमारे अडीच पट निघाली. विचारणारा परदेशी असेल आणि मध्ये दुभाष्या असेल, तर पाच पट. पुढची गोष्ट ऐका. त्यांनी मुलाखत घेणाऱ्याची गोष्ट मुद्दाम खराब करून दाखवली, डोळ्यांना दिसेल इतकी खराब. तरी लोक म्हणाले, तुमचंच चांगलं.

हे लोक खोटारडे नाहीत. पाहुण्याचं मन मोडू नये हा आपल्याकडचा संस्कार आहे, आणि तो तुमच्या फॉर्मवरच्या पाच चांदण्यांपेक्षा जुना आहे. म्हणून उद्या कुणीही 'आमचा कीबोर्ड' म्हणायचं नाही. 'आम्ही हे बनवलेलं नाही, दोन्हीतले दोष शोधायला आलोय' असं म्हणायचं. आणि 'आवडलं का' हा प्रश्न शक्यतो विचारायचाच नाही. लिहायला द्यायचं आणि हात बघायचा. बोट कुठे अडलं, कुठे खोडलं, कुठे शेजारच्या पोराकडे बघून 'हे कुठं हाय रे' असं विचारलं, ते लिहून घ्यायचं. इथे एका घरात पोवारी, दुसऱ्यात गोंडी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी आणि ओट्यावर झाडीबोली ऐकू येते. तेव्हा वाक्य तुम्ही लादू नका. पुण्याच्या पाठ्यपुस्तकातलं वाक्य लिहायला दिलंत तर अडखळणं कीबोर्डमुळे झालं की वाक्यामुळे, हे कसं कळणार? गावांची नावं द्या. ती सगळ्यांना येतात.

आता गावाचं नाव म्हटलं तर 'बोदलकसा'च घ्या. या एका शब्दावर मी तासभर बोलू शकतो. घाबरू नका, बोलणार नाही.

टायपिंगचा वेग जगभर मिनिटाला किती शब्द असा मोजतात, आणि त्यासाठी पाच अक्षरं म्हणजे एक शब्द असं धरतात. ही पद्धत इंग्रजीतून आली. तिथे ठीक आहे, एक कळ म्हणजे एक अक्षर. आपल्याकडे बघा. बो, द, ल, क, सा. मराठी माणसाला विचारलं तर अक्षरं पाच. पण फोनच्या आत युनिकोडमध्ये 'ब' वेगळा आणि त्यावरचा काना-मात्रा वेगळा, 'स' वेगळा आणि त्याचा काना वेगळा, म्हणून तिथे मोजले तर सात. आणि रोमनमध्ये बी, ओ, डी, ए, एल, के, ए, एस, ए असं ठोकलं तर कळा नऊ.

समजा, एका बाईने हा शब्द सहा सेकंदांत लिहिला. पाच धरून वेग काढला तर मिनिटाला १० शब्द. सात धरून १४. नऊ धरून १८. बाई तीच, बोट तेच, सेकंद तेवढेच. आता जर एका कीबोर्डचा वेग तुम्ही कळांवरून काढला आणि दुसऱ्याचा अक्षरांवरून, तर सामना सुरू व्हायच्या आधीच निकाल लागलेला. आणि गंमत म्हणजे पुढची टी-टेस्ट हे पकडणार नाही. तिला जे आकडे द्याल ते ती इमानदारीने चावते. म्हणून सगळ्या गटांनी एकच एकक वापरायचं: मराठी अक्षर. गोंदिया तीन, तिरोडा तीन, बोदलकसा पाच. वेगाच्या सोबत चुका किती आणि खोडलं किती, तेही लिहायचं. वेगाने चुकीचं लिहिणारे आपण सगळेच आहोत, तुमचे व्हॉट्सअप बघा.

क्रमाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सोपं आहे आणि तरीही विसरलं जातं. एकाच माणसाला दोन्ही कीबोर्ड देणार असाल तर पहिल्यावर त्याची भीड चेपते, शब्द ओळखीचे होतात आणि दुसऱ्याला फुकटचा फायदा मिळतो. किंवा उलट, दुसऱ्यापर्यंत तो कंटाळतो. म्हणून वीस माणसं असतील तर दहांना स्वरचक्र आधी, दहांना नंतर. कोणाला काय आधी द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा, आपल्या मर्जीने नाही.

सवयीचं मात्र चिठ्ठीने सुटत नाही. पाच वर्षं रोमनमध्ये चॅट करणाऱ्या पोराला नवा कीबोर्ड दहा मिनिटं देऊन तुलना करणं म्हणजे स्वतःची सायकल आणि शेजाऱ्याची सायकल यांची शर्यत. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी २०१६ मध्ये, फोनने शब्द सुचवल्याने मराठी लिहायला खरंच मदत होते का, हे तपासलं तेव्हा पुन्हापुन्हा लिहायला लावून, दीर्घकाळ बघून तपासलं. आपल्याकडे उद्याचा एकच दिवस आहे. म्हणून अहवालात लिहायचं: 'हा पहिल्या भेटीतला वेग आहे'. त्याहून मोठा दावा करायचा नाही.

आता ज्यासाठी मी मुद्दाम वेळ राखून ठेवला होता ते.

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करायला सुरुवात केली. एकदोन नाही, हजारोंनी. त्यांची तक्रार होती की फोन कमी मेमरीचे आहेत, सारखे हँग होतात, दुरुस्तीचा खर्च आमच्या गळ्यात पडतो, आणि पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत आहे. ज्या ताई लहान लेकरांचं वजन, उंची, पोषण आहार याची नोंद ठेवतात, त्यांच्या कामाची ही गोष्ट. नोंद झाली नाही तर कागदावर ते लेकरू नाहीच.

आता कल्पना करा, असल्या दोन ॲपची चाचणी तुम्हाला करायला दिली. आकडे माझे, समजुतीसाठी. पहिलं ॲप दहा ताईंना दिलं, नऊ जणींनी फॉर्म पूर्ण भरला, सरासरी वेळ ७० सेकंद. दुसरं ॲप दुसऱ्या दहा जणींना दिलं, चौघींनी पूर्ण केलं, सरासरी ४५ सेकंद. विद्यार्थी काय करतो? अपूर्ण नोंदी पुसतो, कारण सॉफ्टवेअर रिकाम्या चौकटीवर कुरकुर करतं. मग लिहितो, 'दुसरं ॲप लक्षणीयरीत्या वेगवान'. आकडेमोड बरोबर, टेस्ट बरोबर. आणि सहा ताई गायब. ज्यांना इंग्रजी वाचता आलं, ज्यांचा फोन अडकला नाही, त्या चौघींचा तो वेग आहे. ज्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला त्याच हिशेबातून बाहेर गेल्या. मग ॲप बनवणारा म्हणतो, ॲप तर वेगवान आहे, सेविकांनाच येत नाही.

म्हणून उद्याच्या तक्त्यात वेळेच्या आधीचा रकाना 'पूर्ण झालं का' हा असेल. हो किंवा नाही. 'नाही' असेल तर पुढे कुठे सोडलं आणि का. अहवालातही आधी तोच आकडा यायला हवा, वेळ त्याच्यानंतर.

सरासरीवरून एक आठवलं. सहा जणांना लागलेले सेकंद समजा असे: २०, २२, २३, २४, २५ आणि १८६. सरासरी येते ५०. पण ५० सेकंद लागलेलं माणूस यात आहे का? एकही नाही. मधला आकडा, म्हणजे मध्यक, २३.५ आहे आणि तो पाच जणांबद्दल खरं सांगतो. वेळेचे आकडे जवळजवळ नेहमी असेच एका बाजूला लांब शेपूट असलेले असतात, तेव्हा मध्यक लिहाच. आणि १८६ वाला 'आउटलायर' म्हणून कापू नका. त्याच्याकडे परत जा. चष्मा घरी राहिला होता की मध्येच फोन आला, की 'ळ' सापडतच नव्हता? तिसरं कारण असेल तर तोच तुमचा शोध आहे.

आता टेस्ट. पी-व्हॅल्यू म्हणजे काय ते नाणं घेऊन समजून घ्या. दहापैकी आठ जण स्वरचक्रावर वेगवान निघाले. भारी वाटतं ना? पण समजा दोन्ही कीबोर्ड अगदी सारखे आहेत आणि कोण कशावर वेगवान हे नुसतं नाणं उडवल्यासारखं आहे. दहा नाणी उडवली तर एका बाजूला आठ किंवा त्याहून जास्त पडण्याची शक्यता शंभरात ११ आहे. म्हणजे हे योगायोगानेही सहज होऊ शकतं. तेच प्रमाण वीस जणांत आलं, वीसपैकी सोळा, तर शंभरात जेमतेम १. टक्केवारी दोन्हीकडे ८०, पण भरवसा वेगळा. टी-टेस्ट याचीच जरा हुशार बहीण, ती फरक किती मोठा हेही बघते. तिची सुरुवात गिनेस या दारू बनवणाऱ्या कंपनीतल्या विल्यम गॉसेटने केली, १९०८ मध्ये. त्याच्याकडे नमुने थोडेच असायचे, आणि त्याने लेख 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला. तुमचाच माणूस म्हणायचा.

आणि हो, कोणीतरी नक्की विचारणार: "सर, पाच लोक पुरे असतात ना?" इंटरनेटवर सगळीकडे हे वाक्य आहे. ते जेकब नील्सनचं, आणि ते दोष शोधण्याबद्दल आहे. त्यात गृहीत असं की एक दोष एका माणसाला भेटण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के. मग पाच जणांत साधारण ८५ टक्के दोष सापडतात. पण दहातल्या एकालाच छळणारा दोष असेल, तर पाच जणांत तो दिसण्याची शक्यता ४१ टक्केच. आणि तो दहातला एक बहुधा कोण असतो? थरथरत्या हाताची आजी, बोटं राठ झालेला शेतकरी. शिवाय दोन कीबोर्डची तुलना करायला पाच माणसं कधीच पुरत नाहीत, हे नाण्याच्या हिशेबाने तुम्हीच करून बघा.

उद्याच्या सूचना. लोकांच्या स्वतःच्या फोनला हात लावायचा नाही, आपले फोन न्यायचे. आधी सांगायचं की परीक्षा कीबोर्डची आहे, तुमची नाही, आणि मधूनच सोडून उठलात तरी चालेल. कोणी खरंच उठलं तर थांबवायचं नाही, 'नाही' लिहायचं. नाव लिहायचं नाही, क्रमांक लिहायचा. तक्ते कागदावर, इथे रेंजचा भरवसा नाही. धानाच्या कामाला निघालेल्या माणसाला अडवायचं नाही, संध्याकाळी परत जायचं. नाहीतर तुमच्या नमुन्यात फक्त रिकामी माणसं येतील. आज रात्री जेवणानंतर प्रत्येक गटाने आपल्याच एका मित्रावर सगळं एकदा करून बघा. घड्याळ कधी सुरू करायचं, पहिल्या स्पर्शाला की शब्द सांगितल्यावर, यावर पहिलं भांडण तिथेच होईल. ते आजच उरकून घ्या.

चिठ्ठ्यांचा डबा इथे ठेवलाय. प्रत्येक गटातून एकाने या.