दुखतंय की ठणकतंय?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)

१९८७ च्या दहावीच्या मंडळींना, जेवण झाल्यावरही जागे राहिल्याबद्दल, धन्यवाद.

मी लग्नानंतर इटलीत गेले. तोरिनोमध्ये संध्याकाळच्या वर्गात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. हे ऐकून आपले इंग्रजीचे सर मघाशी गालात हसले, ते मी पाहिलं. बरोबर आहे सर. पाचवीत एबीसीडीला सुरुवात केलेली आणि आठवीपर्यंत ‘ही गो’ लिहिणारी मुलगी मीच.

पण आज मला सुरुवात मराठीच्या तासापासून करायची आहे. आठवीत आपण समानार्थी शब्द पाठ करायचो. पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय. आपल्यापैकी एकाने (तो तिसऱ्या रांगेत बसला आहे, नाव सांगत नाही) निबंधात लिहिलं होतं, ‘आईने मला पेलाभर तोय दिले.’ बाईंनी ते खोडलं नाही. वर्गात मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, ‘आता संध्याकाळी गाड्यावर जा आणि जलपुरी माग.’ सगळे हसलो. मीही हसले, पण त्यातलं काही मनावर घेतलं नाही. त्याची किंमत पुढे दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

२०१६ सालापासून युरोपातल्या नर्सनाही ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी इंग्रजी येत असल्याचा पुरावा द्यावा लागू लागला. त्यामुळे माझ्या वर्गात नर्सेस येऊ लागल्या. त्यांतली एक फार हुशार, पण घाईत असलेली. तिने एकदा विचारलं, ‘पेन, एक्, हर्ट, सोअर, यांत फरक काय?’ (हा पेन खिशातला नव्हे, आणि हा एक् आकड्यातला नव्हे. देवनागरीत इंग्रजी लिहिलं की हे असं होतं.) तास संपत आला होता. मी म्हटलं, ‘सगळ्यांचा अर्थ साधारण एकच, दोलोरे.’ दोलोरे म्हणजे इटालियनमध्ये दुःख, वेदना, सगळंच. तिने वहीत लिहून घेतलं. परीक्षा पास झाली, इंग्लंडला गेली.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिने विचारलं होतं, पाय दुखतो का? ते म्हणाले, ‘इट डझन्ट हर्ट, इट जस्ट एक्स.’ तिच्या वहीप्रमाणे हर्ट आणि एक् एकच. म्हणजे म्हातारबुवा एकाच वाक्यात नाही आणि हो म्हणत होते. तिने पहिला शब्द धरला आणि कागदावर लिहिलं, वेदना नाही. वरिष्ठ नर्सने पुन्हा जाऊन विचारलं म्हणून बरं. पाय रात्रभर मंद दुखत होता. ती मला रागावली नाही. नुसतं म्हणाली, ‘तुम्ही एकच म्हणाला होतात.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण उत्तर माझ्याच भाषेत पडलेलं होतं. आपल्या आईला आपण कधी ‘वेदना होतात’ असं सांगितलं का? दाढ ठणकते, पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, खरचटलेल्या जागी झोंबतं, मनात एखादी गोष्ट सलते. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा. घशात चमक भरत नाही. ज्या बाईला हे सगळे शब्द जन्मापासून येतात, तिने ‘साधारण एकच’ म्हणावं?

मग मी इटालियनकडे नीट पाहिलं. त्यांचा एक शब्दप्रयोग आहे, ‘माल दी’. माल दी तेस्ता म्हणजे डोकं दुखणं, माल दी गोला म्हणजे घसा दुखणं, माल दी मारे म्हणजे बोट लागणं. इंग्रजीत याच तिघांची तीन घरं होतात: हेडेक, सोअर थ्रोट, सीसिकनेस. आता मी फळ्यावर माणसाची आकृती काढते (चित्रकलेच्या सरांनी ती पाहू नये) आणि वर्गाला विचारते: हे किती वेळ दुखतं? हात लावला तर वाढतं का? मंद आणि रेंगाळणारं ते एक्. हात लावला की हुळहुळतं, व्यायामाने अंग आंबतं, ते सोअर. हर्ट बहुतेक क्रियापद म्हणून येतं आणि पेन बहुतेक नाम म्हणून. ठणकतं ते थ्रॉब. विद्यार्थी उठून एकेक शब्द आकृतीवर चिकटवतात आणि भांडतात. भांडण झालं की शब्द डोक्यात राहतो.

अर्थात प्रत्येक वेळी मराठी माझ्या बाजूने असते असं नाही. ‘दीरे’ या एका इटालियन क्रियापदात से आणि टेल दोन्ही येतात, म्हणून ते सर्रास ‘ही सेड मी’ म्हणतात. तिथे आपण सुखी. आपल्याकडे म्हणणं वेगळं, सांगणं वेगळं. सांगायला समोर कुणीतरी लागतं, तसंच टेलला लागतं. पण मेक आणि डू आले की मी आणि विद्यार्थी एकाच बाकावर. त्यांचं ‘फारे’, आपलं ‘करणे’. गृहपाठही करायचा, चूकही करायची. मी सांगते, शेवटी काही नवं तयार झालं तर मेक: केक, आवाज, चूक. नुसतं काम उरकलं तर डू: गृहपाठ, भांडी. लगेच कुणीतरी विचारतं, मग ‘मेक द बेड’ का? गादी तर कालचीच! त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ते पाठच करावं लागतं. सावलीचंही तेच. झाडाखाली बसतो ती शेड, आपल्यामागून चालते ती शॅडो. इटालियनमध्ये दोन्ही ओम्ब्रा, आपल्याकडे दोन्ही सावली. आणि ‘दीतो’ म्हणजे बोट, हाताचंही आणि पायाचंही, थेट आपल्यासारखं. नर्सला मात्र फिंगर आणि टो वेगळे ठेवावेच लागतात.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंच-लॅटिन शब्दांचा मोठा लोंढा इंग्रजीत आला. दरबारात, कायद्यात, पुस्तकांत ते बसले. स्वयंपाकघरात आणि अंथरुणापाशी बरेचसे जुने शब्द टिकले. इटालियन माणसाला लॅटिन वळणाचे शब्द सख्ख्या भावासारखे वाटतात, आणि तो नेमका तोच उचलतो. रेस्पिरारे म्हणजे श्वास घेणं, म्हणून तो रुग्णाला ‘रेस्पायर’ म्हणतो. मास्तिकारे म्हणजे चावणं, म्हणून ‘मॅस्टिकेट’. शब्द कोशात आहेत, अर्थही बरोबर आहे. पण ब्रीद आणि च्यू सोडून हे वापरणं म्हणजे तापाने फणफणलेल्या आजीला ‘श्वसन करा, चर्वण करा’ असं सांगणं. आजी घाबरेल. मी हे तोय-पाणी प्रकरण वर्गात इटालियनमध्ये सांगते. पाणीपुरी म्हणजे काय हे सांगण्यात दहा मिनिटं जातात, आणि मग सगळ्यांना ती खायचीच असते.

ती नर्स अजून इंग्लंडमध्येच आहे. अधूनमधून दोन शब्द पाठवते आणि खाली लिहिते, ‘एकच का?’ मी आता लगेच उत्तर देत नाही. प्रत्येकाची चार वाक्यं जमवते, मग लिहिते. मागच्या महिन्यात इल आणि सिक आले होते; त्यात दोन दिवस गेले. ब्रिटनमध्ये ‘ही वॉज सिक’ म्हटलं तर आजारी होता की उलटी झाली, हे पुढचं-मागचं ऐकल्याशिवाय ठरत नाही.

बाई, तुम्ही समोर आहात म्हणून एक विचारून घेते. पाठीत उसण भरली, हे इंग्रजीत कसं सांगायचं? स्प्रेन लिहिलं, खोडलं. कॅच लिहिलं, तेही पुरतं पटलं नाही. तिसऱ्या रांगेतल्या तोयवाल्यालाही विचारलं, तो म्हणतो चहा झाल्यावर सांगतो.