काचपेटीतला समुद्र आणि त्यातली बारीक जित्राबं



आपल्या कोल्हापुराला नदी आहे, रंकाळा आहे, पावसाळाही उदंड आहे. पण समुद्र नाही. खारे पाणी बघायचे तर आंबा घाट उतरून रत्नागिरीला जावे लागते. तिथल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पुष्कळ शाळांनी सहलीत पाहिले असेल. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून काचेआड पोहणाऱ्या समुद्री माशांची ओढ आपल्या लोकांना लागली. आता तर काही हौशी मंडळी घरच्या दिवाणखान्यातच काचेच्या पेटीत खारे पाणी करतात, त्यात खडक मांडतात आणि रंगीत मासे सोडतात. अशा पेटीतल्या एका अगदी बारीक, पण फार महत्त्वाच्या जिवाविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्याचे नाव कोपीपॉड.

आधी एक दुखणे सांगतो. मँडरिन नावाचा एक मासा आहे. निळ्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी, जणू पैठणीचा पदर. बाजारात तो दिसला की माणूस भुलतो आणि घरी आणतो. पेटी स्वच्छ असते, दिवे लखलखीत असतात, मालक सकाळ-संध्याकाळ गोळ्यांचे खाद्य टाकतो. मासा मात्र त्याकडे सहसा ढुंकून पाहत नाही. दिवसभर खडकाच्या कपारी टिपत हिंडतो. महिना-दोन महिने जातात, पोट खपाटीला जाते आणि एके दिवशी तो मरतो. रोग नाही, विष नाही. भरल्या घरात उपासमार झाली. कारण हा मासा मुख्यतः जिवंत कोपीपॉडवर जगतो, आणि पेटीत ते नव्हतेच.

मग हे कोपीपॉड म्हणजे काय? कोळंबी आणि खेकडा यांच्याच गोतावळ्यातला हा जीव. बहुतेकांची लांबी एक-दोन मिलिमीटर, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्याएवढी किंवा त्याहूनही कमी. ग्रीक भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘वल्ह्यासारख्या पायांचा’. पाण्यात तो सरळ पोहत नाही, झटके देत उड्या मारत जातो. याच्या दहा हजारांवर जाती शास्त्रज्ञांना ठाऊक आहेत. काही पाण्यात तरंगत राहतात, काही खडकावर आणि वाळूत सरपटतात. समुद्रातले हिरवे सूक्ष्म शेवाळ हे खातात आणि यांना माशांची पिले खातात. शेतात गवत, गवतावर गुरे आणि गुरांवर माणसाचे दूधदुभते, तसाच हा समुद्राचा व्यवहार आहे. त्यातली गुरे म्हणजे कोपीपॉड.

हा जीव आपल्याला अगदीच परका नाही, बरे का. घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना ‘नारू’ हा शब्द आठवत असेल. पायातून हातभर लांबीचा दोऱ्यासारखा जंत बाहेर पडायचा, माणूस ऐन पेरणीत अंथरुणाला खिळायचा. त्या जंताची पिल्ले पायऱ्यांच्या विहिरीतल्या ज्या बारीक जिवाच्या पोटात वाढत, तो सायक्लॉप्स हा गोड्या पाण्यातला कोपीपॉडच. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, हा साधा उपाय गावोगाव सांगितला गेला, पायविहिरी बंद झाल्या, हातपंप आले. भारतातला नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. म्हणजे ज्या जिवाला आपण गाळून बाहेर ठेवले, त्याच्याच खाऱ्या पाण्यातल्या भावंडाला हौशी मंडळी आता गाळून पेटीत घेतात. गाळणे तेच, हेतू उलटा. मात्र गोड्या पाण्यातला सायक्लॉप्स उचलून समुद्री पेटीत टाकला तर तो मरेल.

आता पेटीची तयारी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरच्या पेटीला साडेतीन किलोच्या आसपास मीठ लागले. हे मीठ स्वयंपाकघरातले चालत नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम हेही असते. म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेले तयार मीठ घ्यावे आणि ते शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन या जिवांना सोसत नाही. पाण्याची उष्णता २४ ते २६ अंश राखावी. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागेच राहते. म्हणून तूट भरून काढताना गोडे पाणी घालावे, खारे नव्हे.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. आपल्याकडे तांब्याचा बंब, तांब्याचा हंडा घरोघर असतो. माणसाला तांब्याचे पाणी चालते. कोळंबीच्या कुळातल्या जिवांना तांबे म्हणजे विषच. तेव्हा पेटीचे पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात कधी साठवू नये, आणि माशांच्या रोगावरची तांबेयुक्त औषधे या पेटीत घालू नयेत.

पेटी भरली की लगेच कोपीपॉड सोडण्याची घाई करू नये. माशांच्या घाणीतून निघणारा अमोनिया पचवणारे जंतू खडकावर आणि वाळूत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. खडकावर तपकिरी-हिरवी बुरशीसारखी साय धरू लागली, म्हणजे जमीन वाफशावर आली असे समजा. तीच कोपीपॉडची पहिली न्याहारी.

सोडण्याची रीत अशी. कोपीपॉड पाण्याच्या बाटलीतून येतात. बाटलीतले पाणी आणि पेटीतले पाणी यांचा खारटपणा आणि उष्णता सारखी नसते. म्हणून पेटीतले थोडे थोडे पाणी बाटलीत मिसळत जावे. अर्धा-पाऊण तास तरी द्यावा. रात्री दिवे मालवल्यावरच सोडावे, कारण उजेडात मासे टपलेलेच असतात. पाणी फिरवणारे पंप आणि फेस काढणारे यंत्र तासभर बंद ठेवावे, नाहीतर आपण सोडलेले जीव त्यातच जायचे. एखाद्या नळीने त्यांना खाली, खडकाच्या कपारीत, वाळूजवळ पोचवावे. तासाभराने यंत्रे पुन्हा चालू करण्यास विसरू नये. बंद पाण्यात माशांचा श्वास कोंडतो.

हे सारे दुधाला विरजण लावण्यासारखे आहे. विरजण थोडे असते, पण ते लागायला वेळ आणि निवांतपणा हवा. पुष्कळ जातींच्या कोपीपॉडची मादी अंड्यांची पिशवी अंगालाच वागवते. सायक्लॉप्सची मादी तर दोन बाजूंना दोन पिशव्या, कावडीसारख्या, घेऊन फिरते. अंड्यातून निघालेले पिलू कात टाकत टाकत, सहा आणि पाच अशा अकरा अवस्था ओलांडून प्रौढ होते. पिढी तयार व्हायला दोन-तीन आठवडे धरावे. तेवढ्या अवधीत खाणारे मासे पेटीत जितके कमी, तितके पीक चांगले.

म्हणूनच जाणते लोक मोठ्या पेटीला जोडून एक लहान टाकी ठेवतात. तिच्यात मासा नसतो. समुद्री शेवाळाचा गुंता असतो, आणि मोठ्या पेटीचा दिवा विझला की हिचा दिवा लागतो. गावात जसे राखीव कुरण असते, तसे हे राखीव कुरण. इथे कोपीपॉड निर्धास्त वाढतात आणि पाण्याच्या प्रवाहाबरोबर थोडे थोडे मोठ्या पेटीत जात राहतात. कुरण न राखता नुसती गुरे वाढवली तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आता चारा. कोपीपॉडला हिरवे सूक्ष्म शेवाळ लागते. नॅनोक्लोरोप्सिस, आयसोक्रायसिस, टेट्रासेल्मिस अशा जातींचे शेवाळपाणी तयार मिळते, घरीही वाढवता येते. एकाच जातीवर भागवू नये. नॅनोक्लोरोप्सिस स्वस्त आणि काटक खरे, पण पिलांच्या वाढीला लागणारे एक मोलाचे स्निग्धाम्ल त्यात जवळजवळ नसते. ते आयसोक्रायसिसमध्ये भरपूर असते. ज्वारीबरोबर डाळ हवी, तसेच हे. वेगळ्या बरणीत कोपीपॉड वाढवायचे तर पाच लिटरची स्वच्छ बरणी घ्यावी, हवेचे बुडबुडे अगदी सावकाश सोडावे, आणि पाण्याला फिकट हिरवी छटा येईल इतकेच शेवाळपाणी घालावे. ती छटा गेली, पाणी नितळ झाले, की पुन्हा घालावे. जास्त चारा घातला तर तो कुजतो, रात्री पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सकाळी सारी बरणी मेलेली सापडते. म्हणून बरण्या दोन ठेवाव्या. एक बुडाली तर बियाणे दुसरीत राहते. काढणी आठवड्यातून एकदा, बारीक चाळणीतून, आणि तीही पाव हिश्श्यापुरतीच.

पीक आले की नाही हे कसे ओळखावे? रात्री दिवे मालवून तासाभराने काचेवर विजेरी धरावी. पांढरे ठिपके झटके देत पळताना दिसले की समजावे, वस्ती बसली. ते महिनोन्‌महिने दिसत राहिले, आणि पेटी निदान दोनशे लिटरची असली, तरच मँडरिनचा विचार करावा. नाही दिसले, तर तो मासा दुकानातच राहू द्यावा. आपली हौस त्याच्या जिवापेक्षा मोठी नाही.

हौशीला कायद्याचीही मर्यादा आहे. आपल्या मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत; १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून वाघाच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले. तेव्हा सहलीला गेल्यावर प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून आणणे हा गुन्हा आहे, हे शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावे.

इथेच कोपीपॉडचे खरे मोल कळते. पुष्कळ समुद्री माशांच्या नवजात पिलांचे तोंड इतके लहान असते की हॅचरीत नेहमी वापरतात ती आर्टेमियाची अर्ध्या मिलिमीटरची पिलेही त्यांना गिळवत नाहीत. कोपीपॉडचे पिलू मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, ते गिळता येते. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केरळात विळिंजम येथे कोपीपॉड वाढवून माशांच्या पिलांना पोसण्याचे काम केले आहे. मासा टाकीत जन्मला तर तो प्रवाळातून जाळे टाकून ओढावा लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, खाऱ्या पाण्याची पेटी खर्चाची बाब आहे. शाळेला ती नको. पण गावच्या विहिरीचे किंवा तळ्याचे पाणी बारीक फडक्यातून गाळा, फडके दोन बरण्यांत विसळा, दोन्हींत थोडे हिरवे पाणी घाला. एकीत लहानसा गप्पी मासा सोडा, दुसरीत सोडू नका. दर दोन दिवसांनी एक चमचा पाणी बशीत घेऊन भिंगाखाली सायक्लॉप्स मोजायला मुलांना सांगा आणि आकडे फळ्यावर लिहा. मग हात साबणाने धुवायला लावा. चार आठवड्यांत दोन्ही आकड्यांतला फरक पाहून मुले स्वतःच सांगतील, की चरणारा किती आणि कुरण किती याचा हिशेब आधी करावा लागतो. हा हिशेब काचेच्या पेटीला लागू आहे, आणि आपल्या शिवारालाही.